किल्ली कोणाच्या कमरेला?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आधी तो माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला नीट कळला का ते तुम्हाला पाहता येईल. तुमच्या कादंबरीतला मुलूख कोरडा आहे, नद्या जमिनीखालून वाहतात आणि लोक झरामायला भजतात. या पंथाचं पीठ तुम्ही असं बसवलंय: सगळ्यांत वर महापाणकरी, त्याच्या हाताखाली बारा धाराप्रमुख, दर धारेत बारा पाणकरी, म्हणजे एकशे चव्वेचाळीस, आणि सगळ्यांत खाली भक्त. आकृती देखणी झाली, पण कथेत ही माणसं जागची हलत नाहीत. म्हणून तुम्ही विचारलंत, महापाणकरी निवडून आणू की गादी बापाकडून लेकाकडे जाऊ देऊ?

निवडणूक की वारसा, ते शेवटी पाहू. अडचण त्याच्या आधीची आहे. तुम्ही खुर्च्या मांडल्या, पण त्या खुर्च्यांवरच्या माणसांना भांडायला काही ठेवलं नाही. बाराला बाराने गुणलं की गणित सुटतं, गाव सुटत नाही.

मी कोण ते सांगतो. तीस वर्षं दर्यापूर-अकोट पट्ट्यातल्या लहानमोठ्या देवस्थानांचे हिशेब लिहिले. विश्वस्त बदलले की त्यांचे चेंज रिपोर्ट घेऊन धर्मादायच्या कचेरीत हेलपाटे मारले. आणि रात्री, घरच्यांची बोलणी खात, दिवाळी अंकांसाठी यक्ष-राक्षसांच्या गोष्टी लिहिल्या. दोन्ही कामांत एकच गोष्ट कळली. देवस्थान कोण चालवतं हे दारावरच्या फलकावरून कळत नाही. किल्ली कोणाच्या कमरेला आहे, ते पाहावं लागतं.

एका देवस्थानाची गोष्ट सांगतो, गावाचं नाव सांगत नाही. दानपेटीला तीन कुलपं. एक किल्ली अध्यक्षाकडे, दुसरी सचिवाकडे, तिसरी एका जुन्या विश्वस्ताकडे, कारण त्यांच्या आजोबांनी मंदिराला वावर दिलेलं. दर तीन महिन्यांनी पेटी उघडायची. सभामंडपात सतरंजी, तिच्यावर पांढरी चादर, आणि पेटी उलटी केली की नाण्यांचा ढीग, कुंकवाने लाल झालेल्या नोटा, तांदळाचे दाणे, एखादी चांदीच्या डोळ्यांची जोडी, एखादी घडी घातलेली चिठ्ठी, ‘पोराले नोकरी लागू दे’. पोरं नाण्यांच्या दहा-दहाच्या चवडी लावायची, मी वहीत आकडा धरायचो, शेवटी पंचनाम्यावर सह्या. मग ते जुने विश्वस्त वारले. तेरवी झाल्यावर आम्ही किल्ली मागायला गेलो. त्यांच्या बाईंनी चहा दिला, किल्ली दिली नाही. म्हणाल्या, ‘आधी माह्या पोराले कमिटीत घ्या, मंग पाहू.’

नियमावलीत वारसा नव्हता. विश्वस्त पाच वर्षांनी सभेने निवडायचे, असं स्वच्छ लिहिलेलं. पण नियमावली कपाटात आणि किल्ली बाईंच्या कमरेला. कुलूप फोडायची कोणाची छाती होईना, कारण गाव म्हणालं असतं, ‘देवाची पेटी फोडली.’ आठ महिने पेटी बंद राहिली. पावसाळ्यात तिच्या तळाला वाळवी लागली. आता ही बाई तुमच्या आकृतीत कुठे बसते ते सांगा. कुठेच नाही. आणि आठ महिने त्या देवस्थानचा कारभार तिच्याच हातात होता.

एक कबुली देऊन पुढे जातो. माझा सगळा अनुभव न बोलणाऱ्या देवांचा आहे. तुमच्या जगात झरामाय खरंच बोलत असेल, तर हिशेब बदलतो. ती सगळ्यांशी, रोज, स्पष्ट बोलत असेल तर पीठाची गरजच उरत नाही, एक मोटर दुरुस्त करणारा पुरे. ती एकाशीच बोलत असेल तर सगळं राजकारण एका प्रश्नाभोवती फिरेल: हा खरं सांगतो कशावरून? आणि ती अनेकांशी, अधूनमधून, कोड्यात बोलत असेल, तर कथेला सगळ्यांत कसदार जमीन तीच. मी असतो तर हेच घेतलं असतं.

याचं एक उदाहरण माझ्या डोळ्यांदेखतचं आहे. चैत्रातली देवीची यात्रा, ढोल जोरात, आणि एकाच वेळी दोन बायांच्या अंगात आलं. एक म्हणे, माझं ठाणं वडाखाली हलवा. दुसरी म्हणे, हलवाल तर गाव उजाड करीन. देवी एक, हुकूम दोन. ढोल थांबले आणि सगळे म्हाताऱ्या भगताकडे पाहू लागले. त्याने दोघींना लिंबू दिलं, पाणी पाजलं, पदर सावरायला लावला आणि हात जोडून म्हणाला, ‘माय, पुढच्या यात्रेले एकाच तोंडानं सांगजो, मंग हलवतो.’ ढोल पुन्हा सुरू. त्या भगताला ना पगार, ना पद, पण त्या देवीचं सुप्रीम कोर्ट तोच होता. देव बोलतो तिथेही, कोणतं बोलणं मोजायचं हे ठरवणारा माणूस लागतोच. तुमच्या एकशे चव्वेचाळीस पाणकऱ्यांत असा एक म्हातारा शोधा. तो बहुतेक कुठल्याच यादीत नसेल.

आता वरच्या माणसाकडे येऊ. कुठलंही पीठ ओळखायचं असेल तर प्रमुख मेल्याच्या दुसऱ्या दिवशी तिथे जावं. तो जिवंत असताना सगळे हो म्हणतात, त्यामुळे काही दिसत नाही. युरोपातलं उदाहरण घ्या. १२६८ साली चौथा क्लेमेंट हा पोप इटलीतल्या व्हितेर्बो गावी वारला, आणि कार्डिनलांचं, म्हणजे पोप निवडणाऱ्या वरिष्ठ धर्मगुरूंचं, नव्या पोपवर एकमत होईना. जवळपास तीन वर्षं गेली. शेवटी गावकऱ्यांनीच त्यांना वाड्यात कोंडलं, जेवण तोडून पाव-पाण्यावर आणलं, वरचं छप्परही काढलं. १२७१ मध्ये दहावा ग्रेगरी निवडला गेला. त्याने १२७४ च्या लियोंच्या धर्मसभेत नियमच करून टाकला: कार्डिनलांना कोंडायचं, तीन दिवसांत निवड झाली नाही तर ताटात एकच पदार्थ, आणखी पाच दिवसांनी फक्त पाव, पाणी आणि द्राक्षाची दारू. पोप निवडायच्या या बैठकीला आजही कॉन्क्लेव्ह म्हणतात. हा लॅटिन शब्द, आणि त्याच्या पोटात किल्ली आहे. अर्थ, किल्लीने बंद केलेली खोली.

मला यात आवडतो तो क्रम. आधी धर्मशास्त्र, मग नियम, मग अंमल असं झालं नाही. गावकरी वैतागले, त्यांनी छप्पर काढलं, आणि पुढच्याने त्या वैतागालाच कायद्याचा कागद चढवला. तुमच्या पीठाचे नियमही असेच जन्मू द्या. ‘निवडीच्या रात्री महापाणकऱ्याच्या ताटात मीठ वाढायचं नाही’ असा विचित्र नियम लिहा आणि त्यामागचं जुनं भांडण स्वतःपुरतं ठरवून ठेवा. कथेत ते सांगितलं नाही तरी चालेल. वाचकाला त्याचा वास येतो.

दुसरं उदाहरण आपल्या उंबऱ्यातलं. रिद्धपूर तुम्हाला माहीत असेलच, अमरावती जिल्ह्यातलं, मोर्शीकडचं. महानुभाव पंथात गोविंदप्रभू आणि चक्रधरस्वामी गेल्यावर मागे राहिलेल्यांकडे ना खजिना होता ना राजाचा आधार. पंथ सांभाळला नागदेवाचार्यांनी, आणि म्हाइंभटांनी स्वामींच्या आठवणी ज्यांनी-ज्यांनी पाहिल्या-ऐकल्या होत्या त्यांच्याकडे जाऊन गोळा केल्या. लीळाचरित्र त्यातून उभं राहिलं. इथे पेटी नव्हती, आठवण होती. म्हणून अधिकारही त्याच्याकडे गेला ज्याची आठवण खरी मानली जाते. पुढे पंथाचे तेरा आम्नाय झाले. आम्नाय म्हणजे गुरुशिष्यांची शाखा, म्हणजे भेग पडली तीही शिकवण्याच्या रेषेवरच पडली. आणि पोथ्यांना कुलूप घातलं ते सकळ लिपीचं. अक्षरांच्या जागी दुसरी अक्षरं-चिन्हं योजून लिहिलेली ही लिपी विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत पंथाबाहेरच्यांना वाचता येत नव्हती. किल्ली इथेही आहे, फक्त ती लोखंडाची नाही. ती शिकणाऱ्याच्या डोक्यात आहे, आणि ती वारशाने मिळत नाही, गुरूजवळ बसूनच मिळते.

हे दोन्ही शेजारी ठेवून पाहा. रोमच्या पीठाकडे जमीन, कर, किल्ले होते, म्हणून भांडण गादीचं झालं. महानुभावांकडे वचनं होती, म्हणून प्रश्न कोणाचं वचन प्रमाण असा पडला. तुमच्या झरापंथाकडे काय आहे? पाणी. म्हणजे भांडण पाळीचं होणार. उन्हाळ्यात विहिरीवरची पाळी कोण लावतं? ज्याला हे ठाऊक आहे त्याला एकशे चव्वेचाळीस पाणकरी घाबरतील, महापाणकरीसुद्धा.

आता दाण्यांकडे वळतो, कारण नवे लेखक इथे हमखास घसरतात. पीठ जेवतं काय? गावोगावचा शेतकरी सुगीला झरामायचा वाटा देतो असं तुम्ही एका ओळीत म्हटलंय. तो वाटा मोजतं कोण, बंडीत भरतं कोण, वाटेत किती गळतो? शिखांच्या इतिहासात मसंद नावाची माणसं होती. गुरूंच्या वतीने दूरदूरच्या भक्तांकडून दसवंध, म्हणजे दहावा हिस्सा, गोळा करायचा हे त्यांचं काम. दोन-तीन पिढ्यांत ते वाटेवरचेच मालक होऊन बसले आणि शेवटी गुरू गोविंदसिंगांनी ती पद्धतच मोडून काढली. तुमचे बारा धाराप्रमुख हे बारा मसंद आहेत, मान्य करा. महापाणकऱ्याला ते भेटतात वर्षातून एकदा आणि शेतकऱ्याला भेटतात दर सुगीला. कोणाचं वजन जास्त, ते आकृतीत कोण वर बसलंय यावर ठरत नाही.

जमिनीचं तर आणखी गंमतीचं आहे. आपल्या कायद्यात मूर्ती ही कायदेशीर व्यक्ती आहे. तिच्या नावे सातबारा असतो, ती कोर्टात दावा लावू शकते. पण ती धरली जाते अज्ञान, म्हणजे वयात न आलेल्या पोरासारखी, त्यामुळे तिच्या वतीने दुसऱ्या कोणालातरी बोलावं लागतं. पुजारी पिढ्यानपिढ्या ते वावर मक्त्याने देत आला की त्याला वाटू लागतं, वावर आपलंच. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली मध्य प्रदेशातल्या एका प्रकरणात स्पष्ट केलं की मालक देव, पुजारी फक्त व्यवस्था पाहणारा. आपल्याकडे १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याने देवस्थानची जमीन विकायची तर धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते. मी अशा कितीतरी अर्जांच्या फायली बांधल्या आहेत, आणि दरवेळी मनात यायचं की यापेक्षा अद्भुत कल्पना कुठल्या कादंबरीत सापडणार: हजारो वर्षांचा देव, आणि तो कायद्याने अज्ञान बालक! तुमच्या जगात तर ते बालक बोलतं. एक दिवस झरामायने स्वतःच म्हटलं की मला हे वावर नको, परत द्या, तर? पालक ऐकतील का? माझा अंदाज, ते आधी तिच्या वयाचा दाखला मागतील.

इथवरचं थोडक्यात सांगतो, कारण मी भरकटतो असं मंडळी म्हणतात. पीठाकडे कोणती मौल्यवान वस्तू आहे ते आधी ठरवा. तिला कुलूप कुठलं आणि किल्ली कोणाकडे ते मग ठरवा. पदांची नावं सगळ्यांत शेवटी. बाकी तक्रारीचं राहिलं, आणि माझ्या मते कारभाराचा जीव तिथेच असतो.

तक्रार ऐकायची सगळ्यांत सुंदर रीत मी पाहिली ती वारीत. आळंदीहून निघालेली माउलींची पालखी संध्याकाळी तळावर पोचते. दिंड्या गोल उभ्या राहतात, हजारो टाळ वाजत असतात. चोपदार दंड उंच करतो आणि सगळे टाळ एकदम थांबतात. पण एखाद्या दिंडीचे टाळ वाजतच राहिले तर समजायचं, त्यांची तक्रार आहे. चोपदार तिथे जातो, ऐकून घेतो, निवाडा होतो किंवा सांगितला जातो, आणि मगच समाजआरती. अर्ज नाही, शाई नाही, वकील नाही. लाखोंच्या शांततेत एक दिंडी खणखणत राहते आणि व्यवस्थेला तिच्याकडे चालत जावं लागतं. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा अंगावर काटा आला होता. हिशेबनीस माणूस असूनही.

तुमच्या झरापंथात रयतेला वाजवायला काय आहे? रिकामी घागर? महापाणकऱ्याच्या स्वारीपुढे सगळ्या बायांनी भरल्या घागरी घेऊन उभं राहायचं अशी रीत ठेवा. ज्या गावाची तक्रार असेल त्या गावाच्या बाया घागर पालथी धरतील. काही बोलायचं नाही. आता एका प्रकरणात चोवीस गावं भरल्या घागरी घेऊन उभी करा, आणि पंचविसावं गाव पालथं. माझी सूचना आहे, घ्या नाहीतर सोडा. पण तुमच्या पात्रांच्या पायांना कुठे मुंग्या येतील ते यावरून कळेल.

पुरोहितच नसतील तर, असंही तुम्ही खाली एका ओळीत विचारलंय. तेही चालतं, आणि त्याचा नमुना पाहायला तुम्हाला यवतमाळहून फार लांब जायला नको. मोझरीला जा. तुकडोजी महाराजांनी गावोगाव सामुदायिक प्रार्थना रुजवली. तिला पुजारी लागत नाही, सगळे ओळीने बसतात आणि म्हणतात. महाराज ११ ऑक्टोबर १९६८ ला गेले. पुण्यतिथीला दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी जो जिथे असेल तो तिथेच स्तब्ध राहून मौन श्रद्धांजली देतो. हातातलं काम थांबतं. हुकूम देणारा दिसत नाही, घड्याळ दिसतं. अशा पंथात किल्ली वेळापत्रकाकडे असते, आणि वेळापत्रक छापणाऱ्याकडे लक्ष ठेवा.

राहता राहिला तुमचा मूळ प्रश्न, निवडणूक की वारसा. ते एका गोष्टीवर अवलंबून आहे: पाणकरी लग्न करतात का? करत असतील तर त्यांना लेकरं होतील, लेकरांना जमीन लागेल, आणि तुम्ही कितीही नियम लिहा, तीन पिढ्यांत गादी घरात जाईल. करत नसतील तर पुतणे आणि भाचे येतील, पोपांच्या दरबारातही ते कार्डिनल होऊन आलेच. नाहीतर लाडका शिष्य येईल आणि त्याचे गुरुबंधू कोर्टात जातील. मी तुमच्या जागी असतो तर लग्नाला परवानगी दिली असती, पण थोरल्या झऱ्यावरच्या लोखंडी झाकणाची किल्ली एका बिनलग्नाच्या, बिनपदाच्या बाईकडे ठेवली असती. बारा धारा सारख्या ठेवू नका. दोन आटलेल्या असू द्या, त्यांच्याकडे माणसं नाहीत पण मत आहे. एका धारेत चाळीस पाणकरी असू द्या आणि त्यांना मत एकच. मग ज्येष्ठात, मृगाच्या आधी, सगळे ढगांकडे डोळे लावून बसलेले असताना महापाणकऱ्याला मारा. पहिलं प्रकरण तिथून लिहा.

त्या दानपेटीचं काय झालं ते राहिलं. आठ महिन्यांनी बाई स्वतःच आल्या, काकडआरतीला, थंडीत, पोराला न घेता. अध्यक्षांनी हात पुढे केला. बाईंनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही. कमरेची किल्ली सोडली, देवापुढच्या ताटात ठेवली, नमस्कार केला आणि गेल्या. आम्ही सगळे एकमेकांकडे पाहत राहिलो, कारण देवाच्या ताटातलं उचलायचा अधिकार एकट्या पुजाऱ्याचा. त्याने ते ताट आत नेलं, प्रसाद बाहेर आणला आणि किल्ली जानव्याला बांधली. त्या दिवसापासून तिसरी किल्ली पुजाऱ्याकडे आहे. मी सचिवाला दोनदा म्हणालो, ठराव तरी करून घ्या. त्याचा मुहूर्त अजून निघायचा आहे.